जुनी जिप्सी, भंगारातले पार्ट आणि बेताचं बजेट : डोंगरवाटांसाठी गाडी कशी उभी करावी

जिप्सी विकत घेतली की पहिल्याच आठवड्यात बहुतेकांच्या मोबाइलवर बंपर, विंच (गाडी ओढून काढायचं यंत्र) आणि छतावरच्या एलईडी पट्ट्यांचे फोटो जमायला लागतात. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढतेय, किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या सांध्याच्या) सीलमधून काळं ग्रीस गळतंय, रेडिएटरच्या निम्म्या नळ्या चोंदल्यात, याकडे कुणाचं लक्ष नसतं. या गोष्टी फोटोत दिसत नाहीत ना! म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवलाय. गाडी आधी थांबली पाहिजे, मग नीट वळली पाहिजे, मग थंड राहिली पाहिजे आणि त्यानंतर चढली पाहिजे. भंगारातले पार्ट या सगळ्या कामांत उपयोगी पडतात, पण सारखे नाहीत. काही ठिकाणी जुना पार्ट नव्या स्वस्त पार्टपेक्षा सरस निघतो. काही ठिकाणी तो फुकट मिळाला तरी घेऊ नये. हा फरक कळला की पैशाचा अर्धा प्रश्न सुटतो.

उदाहरणाला मारुती जिप्सी घेतलीय, कारण आपल्याकडे कमी पैशात हाती येणारी आणि कुठल्याही तालुक्याच्या गॅरेजात खोलता येणारी खरी फोर बाय फोर हीच. सुझुकीच्या एसजे ४१० वर बेतलेली ही गाडी १९८५ मध्ये आली. पहिल्या एमजी ४१० मध्ये ९७० सीसीचं एफ१०ए इंजिन आणि चार गिअर होते. १९९३ मध्ये वाइड ट्रॅक आली, म्हणजे चाकांमधलं आडवं अंतर वाढलं. १९९६ मध्ये १.३ लिटर इंजिन आणि पाच गिअरची जिप्सी किंग, म्हणजे एमजी ४१३ डब्ल्यू आली. २००० साली तिला १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी संगणकाच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारं) इंजिन मिळालं, सुमारे ८० अश्वशक्तीचं. शिडीसारखी चॅसी, दोन्हीकडे अखंड एक्सल, चारही कोपऱ्यांत पाटे, वेगळा ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणारी, हाय आणि लो अशा दोन टप्प्यांची पेटी) आणि हजार किलोच्या आसपास वजन. हलकं वजन हीच तिची खरी ताकद, आणि पुढे तुम्ही जे जे लोखंड तिच्यावर चढवाल ते या ताकदीतून वजा होणार आहे.

कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळला तर बाकीचा लेख वाचून उपयोग नाही.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर फिटनेस तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. एप्रिल २०२२ पासून खासगी मोटारीच्या नूतनीकरणाची फी ५,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या गाड्यांसाठी ती आणखी वाढली. महाराष्ट्रात वर पर्यावरण कर वेगळा. नोंदणी संपलेली जिप्सी स्वस्तात मिळतेय म्हणून घेताना हा सगळा खर्च आणि उशिराचा दंड किमतीत धरा. दिल्लीकडची गाडी फार स्वस्त दिसली तर त्यामागे तिथला १० वर्षांच्या डिझेल आणि १५ वर्षांच्या पेट्रोल गाड्यांचा नियम असतो. गाडी वाईटच असेल असं नाही, पण ना-हरकत प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

बदलांचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ स्पष्ट आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीपुढच्या लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करा, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय. तेव्हा इंजिन, रंग, बॉडीचा प्रकार यांतलं काहीही बदलायचं असेल तर आधी आरटीओची परवानगी आणि मग आरसीवर नोंद. विमा कंपनीलाही लेखी कळवा. अपघातानंतरचा सर्व्हेअर बदललेला एक्सल ओळखतो.

लष्कराच्या लिलावातून आलेल्या जिप्सीबद्दल एक गंमत सांगतो. लोक ती घेतात त्या हिरव्या रंगासाठी, आणि नियम सांगतो की ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याशिवाय कुणालाही लावता येत नाही. त्यामुळे पहिलं काम रंग बदलण्याचं.

हे सगळं वाचून हिरमुसायचं कारण नाही. खाली जे सांगतोय त्यातला मोठा भाग बदल नसून दुरुस्तीच आहे, आणि डोंगरात फरक पडतो तो त्यानेच.

आधी गाडी उघडा

एक दिवस, एक पाण्याचा पाइप, वायरब्रश आणि छोटी हातोडी. गाडी धुवा आणि खालून चॅसीवर हातोडीने टकटक करत जा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, आतून सडलेलं बद्द. जास्त वेळ मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी (पाटे चॅसीला जिथे टांगतात तिथे) घालवा, कारण चॅसीच्या पोकळीत साचलेला चिखल तिथेच गंज धरतो. मग बॉडीचे माउंट, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, काचेच्या चौकटीचे खालचे कोपरे. कोकणात किंवा गोव्यात किनाऱ्याजवळ वाढलेली गाडी असेल तर ताज्या काळ्या अंडरकोटिंगवर अजिबात विश्वास ठेवू नका. ते खरवडून बघा. पत्रा कापून नवा लावता येतो, ते चारचौघांच्या हातचं काम आहे. हँगरपाशी चॅसीच खाल्ली असेल तर ती गाडी सोडा.

मग पुढचा एक्सल जॅकवर घ्या आणि खाली भक्कम स्टँड लावा. विटा लावू नका, वीट न सांगता फुटते. चाक वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, तरीही राहिला तर किंगपिनचं बेअरिंग. आता चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवा. इथला खेळ टाय रॉडच्या टोकांचा किंवा स्टिअरिंग बॉक्सचा. ताशी ६० च्या आसपास स्टिअरिंग जोरात थरथरू लागतं, हा जिप्सीचा जुना रोग. गॅरेजवाला लगेच स्टिअरिंग डॅम्पर सुचवतो. डॅम्परने रोग झाकला जातो, बरा होत नाही. बहुतेक वेळा दोष किंगपिनची झिजलेली बेअरिंग, टाय रॉडची टोकं किंवा वाकडी रिम यांतल्या एखाद्याचा असतो.

शेवटी सगळी तेलं काढून बघा. डिफरन्शियलचं (एक्सलच्या मधल्या गिअरपेटीचं) तेल दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. तेलात लोखंडाचा बारीक चकाकणारा लगदा थोडा असतोच, पण टोचणारे तुकडे सापडले तर क्राउन-पिनियन (त्या पेटीतली दातेरी चाकांची जोडी) उघडावं लागणार.

आता वही घ्या. समजा हातात एक लाख आहेत. माझ्या मते ४० हजार ब्रेक, स्टिअरिंग, बेअरिंग, सील आणि तेलांवर, ३० हजार टायरांवर, १० हजार कूलिंग आणि वायरिंगवर, १० हजार गाडी ओढून काढायच्या सामानावर. उरलेले १० हजार हाताशी ठेवा, कारण मडगार्ड खोलताना काहीतरी तुटणारच आहे. बंपरचा या हिशेबात उल्लेख नाही आणि तो मुद्दामच नाही.

भंगार बाजारात

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट. जुन्या गाड्यांच्या पार्टचे हे नावाजलेले बाजार. पण जिप्सीवाल्याने आधी आपल्याच जिल्ह्यातल्या स्क्रॅपवाल्यांकडे चक्कर टाकावी. पार्ट गाडीवर लागलेला असतानाच बघायला मिळाला तर त्याच्यासारखं काही नाही. सुटा धुतलेला डिफरन्शियल काहीच बोलत नाही. गाडीखाली लटकलेला बोलतो : तेल कुठून गळतंय, बोल्टांची डोकी आधी किती वेळा झिजलीत, चिखलाची रेघ कुठपर्यंत आहे.

सकाळी जा. दुपारनंतर दुकानदार थकलेला असतो आणि तुम्हीही. बरोबर काय न्यायचं? व्हर्निअर कॅलिपर, चुंबक, टॉर्च, मल्टीमीटर, खडू आणि मुख्य म्हणजे आपल्या गाडीचा तोच खराब पार्ट. मोबाइलवरच्या फोटोवरून फ्लँजच्या (बोल्टने जोडायच्या चकतीच्या) भोकांमधलं अंतर कळत नाही. चुंबक कशाला, तर पत्र्यावर पुट्टी किती चढवलीय ते बघायला.

निर्धास्त घ्यावं असं सामान म्हणजे जाड लोखंडाचं किंवा ओतीव : एक्सल हाउसिंग, ट्रान्स्फर केसचं कवच, ब्रेक ड्रम (आतला व्यास मोजून), प्रोपेलर शाफ्टची नळी, लोखंडी रिम, सीटच्या चौकटी, दरवाजे, टेलगेट, अल्टरनेटर, रेडिएटरचा पंखा. तिशीतला अस्सल कंपनीचा अल्टरनेटर नवी बेअरिंग आणि ब्रश घातले की पुन्हा चालतो. तेवढ्याच पैशात मिळणारा नवा बिननावाचा किती टिकेल ते त्यालाच ठाऊक.

कधीच घेऊ नये असं सामान : ब्रेकचे रबरी पाइप, व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचे वॉशर, टाय रॉडची टोकं, किंगपिन आणि व्हील बेअरिंग, टायमिंग बेल्ट, यू-बोल्ट (पाटा एक्सलला आवळणारे), सीट बेल्ट. रबर वयाने मरतं, वापराने नव्हे. सीट बेल्टने एक अपघात सोसला की त्याचं काम संपलं, आणि त्याने तो सोसलाय की नाही हे दुकानदार सांगणार नाही. यू-बोल्ट एकदा ताणून कसला की तो तसा पुन्हा बसत नाही, आणि नवा तर तसाही स्वस्त.

मधल्या वर्गातलं सामान घ्यावं, पण उघडून. क्राउन-पिनियनच्या दातांवर नख फिरवा. दातांवरची घासणीची खूण सपाट आणि मध्यावर हवी, एका टोकाला गेलेली नको. आणि क्राउन-पिनियन नेहमी जोडीने घ्या, एकाचं क्राउन आणि दुसऱ्याचं पिनियन कधी नांदत नाही. गिअरबॉक्सचा शाफ्ट हाताने फिरवून प्रत्येक गिअर टाकून बघा.

एमपीएफआय जिप्सीवाल्यांचं एक सुख म्हणजे एस्टीम. १६ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय एस्टीममध्ये याच जी१३बीबी कुटुंबातलं इंजिन होतं, आणि स्क्रॅपात एस्टीम जिप्सीपेक्षा सहज सापडते. सेन्सर, हेडचे भाग, अल्टरनेटर यांसाठी तिच्याकडे बघा, पण पार्ट नंबर जुळवूनच. एस्टीमचं इंजिन आडवं बसतं, त्यामुळे ऑइल संप, इनटेक आणि माउंट सरळ जुळत नाहीत. अख्खा ब्लॉक उचलून बसवायचा मोह झाला तर आठवा की इंजिन नंबर आरसीवर आहे. आपल्या ब्लॉकवर दुसऱ्याचे भाग चढवणं कधीही सुटसुटीत.

आणि बिल. कच्चं का होईना, दुकानाचं नाव, तारीख आणि पार्टचं वर्णन असलेलं बिल घ्या. चॅसी नंबर कोरलेला लोखंडाचा तुकडा किंवा नंबर खरवडलेलं इंजिन कितीही स्वस्त असो, त्याला हात लावू नका. २०२१ च्या नियमांनंतर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रंही उभी राहिली आहेत. तिथून आलेल्या सामानाला कागद असतो, म्हणून भाव थोडा जास्त पडला तरी मी तो देतो.

थांबणं आणि वळणं

ब्रेकपासून सुरुवात करा. चारही चाकं खोला, सगळे रबरी पाइप नवे, सिलिंडरचे किट नवे, आणि लोखंडी ब्रेक लाइन जिथे चॅसीला घासते तिथे गंज बघा. डॉट ३ ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुन्या गाडीत ते चहासारखं काळपट झालेलं असतं आणि लांब घाटात गरम झालं की पेडल मऊ पडतं. सगळं काढून नवं भरा. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करा. ड्रम झिजलेला असेल तर लेथवर सफाई करून घ्या, पण ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासाच्या पुढे अजिबात जाऊ नका. लेथवाला ‘चालतंय की’ म्हणेल. उतारावर तो आपल्याबरोबर नसतो.

मग किंगपिन. पुढच्या दोन्ही नकलचे (चाक वळवणाऱ्या सांध्यांचे) गोळे खोला, आतलं वर्षानुवर्षांचं ग्रीस आणि पाण्याचा चिखल काढा, वर-खालची बेअरिंग आणि मोठं सील नवं घाला. गोळ्याचा पृष्ठभाग गंजाने खडबडीत झाला असेल तर बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, नाहीतर नवं सील महिनाभरात फाटतं. पातळ शिम (पत्र्याच्या चकत्या) घालून बेअरिंगचा ताण जुळवतात. हे काम तासाभराचं नाही. एका बाजूला अख्खा दिवस धरा, आणि ज्याने आधी जिप्सीचा पुढचा एक्सल उघडलाय असाच मेस्त्री शोधा. हे नीट झालं की अर्धं जड स्टिअरिंग आपोआप हलकं होतं.

म्हणून पॉवर स्टिअरिंगची घाई नको. छोट्या मोटारींचे मोटरवाले स्टिअरिंग कॉलम स्क्रॅपात मिळतात आणि ते कापून, वेल्ड करून जिप्सीत बसवणारे लोकही भेटतात. माझं मत विचाराल तर स्टिअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंगचा टाका असलेल्या गाडीत मी बसणार नाही. घट्ट बसणारा स्प्लाइन जॉइंट, क्लॅम्प आणि आडवा बोल्ट अशी जोडणी जमत असेल तरच पुढे जा. तीही करणाऱ्याचं आधीचं काम डोळ्यांनी बघून.

टायर आणि रिम

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, म्हणजे बाहेरचा व्यास सुमारे ६६८ मिमी. बोलेरोवर दिसणारा २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास सुमारे ७०३ मिमी होतो. एक्सलखालची उंची त्याच्या निम्म्याने, १८ मिमीच्या आसपास वाढते, आणि स्पीडोमीटर सुमारे पाच टक्के कमी दाखवू लागतो. काटा ६० वर असताना गाडी ६३ ने चाललेली असते. २३५/७५ आर १५ घेतला तर उंची ३३ मिमी वाढते, पण चूक दहा टक्क्यांजवळ जाते, १.३ लिटरचं इंजिन घाटात दुसऱ्या गिअरमध्ये रडायला लागतं, आणि पूर्ण वळणावर टायर घासतो. कमी बजेटच्या गाडीला २१५/७५ ही मर्यादा मानावी. कायदा काटेकोर लावला तर हाही बदलच आहे, ते लक्षात असू द्या. हे आकार सहज मिळतात, हा त्यांचा खरा फायदा.

वापरलेले टायर घ्यायचे तर बाजूवरचा चार आकड्यांचा कोड वाचा. २३१९ म्हणजे २०१९ मधला २३ वा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर नक्षी कितीही उभी दिसली तरी नको. टायर वाकवून बाजूच्या भिंतीत बारीक भेगा दिसतात का ते बघा.

रिमसाठी जिप्सीला पाच बोल्टांचा, १३९.७ मिमी वर्तुळाचा साचा लागतो. भंगारात ते वर्तुळ मोजायला सोपं गणित आहे : शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. ८२ मिमी आलं की जुळलं. महिंद्राच्या जुन्या जीपांच्या आणि बोलेरोच्या रिमही याच मापाच्या, पण मधलं भोक फ्री-व्हील हबवरून (पुढचं चाक एक्सलला जोडायच्या किंवा सोडवायच्या कुलपावरून) जातंय का आणि रिम किती बाहेर येते ते प्रत्यक्ष लावून बघा. रिम फार बाहेर आली की व्हील बेअरिंगवरचा भार वाढतो. रिम घेण्याआधी टायरच्या दुकानात बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या, वाकडी असेल तर तिथेच नाचताना दिसते.

पाटे

जिप्सीचे पाटे कडक, हे जगजाहीर आहे. त्यावर उपाय म्हणून लोक अजून एक पाटा घालतात. त्याने गाडी थोडी उंच होते आणि आणखी कडक होते, मग दगडांवर एक चाक हवेत आणि गाडी जागेवर. उलट करा. पाट्यांचा पूर्ण संच खोला, प्रत्येक पाटा वायरब्रशने साफ करा, तुटलेला बदला, मधे ग्रेफाइट ग्रीस लावा, सगळे बुश (पाट्यांच्या टोकांतली रबरं) नवे घाला. अनेक गाड्यांत शॅकलचे (पाट्याचं टोक चॅसीला टांगणाऱ्या पट्ट्यांचे) बोल्ट बुशमध्ये गंजून इतके अडकलेले असतात की पाटा हलतच नाही आणि सगळा धक्का पाठीला बसतो. एवढी साफसफाई केली तरी गाडी वेगळी वाटते.

उंची हवीच असेल तर खचलेले पाटे कमान देऊन घ्या. पाटेवाले गावोगावी आहेत, पण थंड पाट्यावर घण मारून दिलेली कमान फार टिकत नाही. भट्टीत तापवून, तेलात बुडवून, पुन्हा पाणी देणारा (म्हणजे मंद तापवून लोखंड चिवट करणारा) कारागीर हवा. लांब शॅकल हा स्वस्त उपाय वाटतो, पण शॅकल ५० मिमी वाढवली तर उंची २५ मिमीच वाढते, आणि पुढच्या शॅकल लांबवल्या की एक्सलचा कल बदलून गाडी सरळ रस्त्यावर भरकटू लागते. एक्सलच्या वर पाटे चढवायची पद्धत तर या बजेटची नाहीच. तिला ब्रेक लाइन, प्रोपेलर शाफ्टचा कोन, स्टिअरिंगचे दांडे असं सगळंच बदलावं लागतं.

भंगारातला सर्वांत चांगला सौदा

माझ्या मते तो म्हणजे जुन्या एमजी ४१० चा ट्रान्स्फर केस. ४१० चं इंजिन लहान, म्हणून तिच्या ट्रान्स्फर केसचे गिअर किंगपेक्षा सुमारे १२ टक्के जास्त जोर देणारे. मोठ्या टायरमुळे गेलेला जोर त्यातून भरून निघतो आणि वर थोडा शिल्लक राहतो. हायवेवर इंजिन तेवढंच जास्त फिरेल, ही किंमत. ज्याला रोज कामावर जिप्सीनेच जायचंय त्याने हा नाद करू नये.

दुकानदार सगळ्यालाच ‘चारशे दहाचा’ म्हणतो, तेव्हा तपासा. दोन्ही फ्लँजवर खडूने रेघ मारा, केस हाय रेंजमध्ये टाका, आणि गिअरबॉक्सकडची फ्लँज मोजून दहा फेरे फिरवा. मागची फ्लँज साधारण सव्वासहा ते साडेसहा फेरे फिरली तर ४१० चा. सात फेऱ्यांच्या किंचित पुढे गेली तर किंगचा. त्याबरोबर फ्लँजच्या बोल्टांची जागा आणि स्पीडोमीटरच्या केबलचं टोक आपल्या गाडीशी जुळतं का ते बघा. घरी आणल्यावर सगळे सील, बेअरिंग आणि तीन रबरी माउंट नवे. जुनी माउंट ठेवलीत तर गिअर बदलताना खालून दणका ऐकू येईल आणि तुम्ही उगाच गिअरला दोष द्याल.

डिफरन्शियल बदलायचा विचार असेल तर एक पक्की अट : पुढचं आणि मागचं प्रमाण तंतोतंत एकच हवं. किंगमध्ये ३.९०९, ४१० मध्ये ४.१११. मागे एक आणि पुढे दुसरं लावून फोर बाय फोर टाकलंत तर काही अंतरात काहीतरी मोडेल. डिफरन्शियलच्या आतले गिअर वेल्ड करून कायम लॉक करायची युक्ती कुणी सांगितली तर हसून विषय बदला.

तेलाचंही बघा. डिफरन्शियलला जीएल-५, पण गिअरबॉक्सला जीएल-४. जीएल-५ मधली काही रसायनं गिअर जुळवणाऱ्या पितळी सिंक्रो रिंग खातात.

थंडावा, पाणी, वीज

रेडिएटर काढून रॉडिंग करून घ्या, म्हणजे टाक्या उघडून नळ्यांमधून सळई फिरवून साफ करणं. थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला हमखास मिळेल, तो ऐकू नका, नवा घाला. फर्स्ट लो मध्ये (लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये) तासभर चढताना समोरून वारा नसतो. अशा वेळी स्क्रॅपातला विजेचा पंखा मदतीला येतो. त्याला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), बॅटरीजवळ फ्यूज आणि डॅशबोर्डवर बंद करायचा स्विच हवाच. पाण्यात उतरण्याआधी पंखा बंद करायचा, नाहीतर पाती पाण्याच्या दाबाने वाकून रेडिएटरमध्ये घुसतात.

ओढे ओलांडणार असाल तर स्नॉर्केलच्या (इंजिनची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीच्या) आधी ब्रीदर (एक्सल आणि पेट्यांतली हवा आत-बाहेर जायची तोंडं) वर घ्या. गरम एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. दोन्ही एक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्या ब्रीदरना इंधनाचा रबरी पाइप जोडून तो बोनेटच्या आत उंचावर बांधा, तोंड खाली वळवून. जेवणाच्या एका बिलात होणारं काम आहे, आणि अख्खा डिफरन्शियल वाचवतं.

दिव्यांचं गणित : ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर नऊ अँपिअरच्या वर. हा भार ३० वर्षांपूर्वीच्या स्विचमधून नेऊ नका. स्विचने फक्त रिले चालवावी, आणि जाड वायर फ्यूजमधून थेट बॅटरीकडून यावी. मूळ हेडलाइटलाच रिले लावून बघा, उजेड इतका वाढतो की एलईडी पट्टीचा विषय कित्येकांच्या डोक्यातून निघून जातो.

ओढायचे हुक आणि वेल्डिंग

गाडी अडकणारच. म्हणून पुढे आणि मागे चॅसीला थेट बोल्टने बसवलेले हुक हवेत. १०.९ ग्रेडचे बोल्ट आणि चॅसीच्या आतून जाड प्लेट. भंगारात ट्रकचे ओतीव हुक सुरेख मिळतात, ते घ्या. दोर अडकवायची शॅकल (यू आकाराची कडी, पाट्यांची नव्हे) मात्र भार कोरलेलीच घ्या, किमान ३.२५ टनांची. नुसत्या बंपरला किंवा ट्रेलरच्या गोळ्याला दोर अडकवू नका. गोळा तुटून मागच्या गाडीची काच फोडून आत जातो, आणि त्यात माणसं मेलेली आहेत.

वेल्डिंग करताना बॅटरी सोडवा आणि एमपीएफआय गाडीत ईसीयूचा (इंजिनच्या संगणकाचा) कनेक्टरही काढा. अर्थ क्लॅम्प टाक्याच्या शेजारी लावा, नाहीतर करंट बेअरिंगमधून फिरून त्यांना खड्डे पाडतो. पेट्रोलची टाकी जवळ असेल तर ती उतरवा. रोल बारसाठी (गाडी उलटली तर माणसांना वाचवणाऱ्या चौकटीसाठी) नळाची जस्ताची पाइप कुणी आणली तर परत पाठवा. गाडी उलटताना ती चपटी होते, आणि तापलेल्या जस्ताच्या धुराने वेल्डरला रात्री थंडी वाजून ताप भरतो.

पहिली फेरी

सगळं जोडून झाल्यावर थेट डोंगरात जाऊ नका. आधी शंभरेक किलोमीटर साध्या रस्त्याने फिरवा, परत येऊन यू-बोल्ट, चाकांचे नट, प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट आणि स्टिअरिंगचे सगळे जोड पुन्हा कसा. प्रत्येक नटावर रंगाची रेघ मारून ठेवली तर पुढच्या वेळी कुठला सैल झाला ते नुसतं बघून कळतं. व्हील हबला हात लावून बघा. एक बाकीच्यांपेक्षा गरम असेल तर तिथलं बेअरिंग जास्त कसलंय किंवा ब्रेक चिकटतोय.

पहिला ट्रेल जवळचा आणि सोबत दुसरी गाडी असलेला निवडा. वनखात्याच्या हद्दीतली वाट असेल तर परवानगी काढूनच. हब लॉक करा, टायरची हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत कमी करा, आणि परत भरायचा पंप घरी विसरू नका. उतरून आल्यावर त्याच संध्याकाळी डिफरन्शियलचा वरचा प्लग उघडून तेलाचा रंग बघा.